एक खेळ शिष्यवृत्तीसाठी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या तीन पिढ्यांना रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाने भाषणे पुष्कळ झाली. यंदा मंडळाने भाषणाच्या जोडीला एक काम हाती घेतले आहे. येत्या 11 फेब्रुवारीला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी विज्ञानातील स्त्रिया आणि मुलींसाठी ठरवलेल्या दिवशी, ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटाचा एक खेळ लावायचा, देणगी प्रवेशिका विकायच्या आणि जमलेल्या पैशातून विज्ञान शिकणाऱ्या मुलींना शिष्यवृत्त्या द्यायच्या. कार्यकर्त्यांनी मला त्यावरच बोलायला सांगितले आहे.

उपक्रम चांगला आहे, हे सांगायला व्याख्यान लागत नाही. म्हणून मी आज जरा अडचणीचे प्रश्न घेऊन आले आहे. हा पैसा कोणाचा असावा, तो मुलीच्या हाती कोणत्या वेळी पडावा आणि कोणत्या अटीवर? या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरली, तर चित्रपटाचा खेळ सार्थकी लागेल. नाही तर संध्याकाळ छान जाईल, वर्तमानपत्रात फोटो येईल आणि मुली होत्या तिथेच राहतील.

पैसा कोणाचा

‘हिडन फिगर्स’ 2016 साली आला. मार्गो ली शेटर्ली यांच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लँगली येथे विमानविद्येची आणि पुढे, नासाच्या छत्राखाली, अवकाशविद्येची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी तिघींची ही कथा आहे : कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन. त्यांतल्या डोरोथीबाईंच्या आयुष्यातली एक गोष्ट चित्रपटात नाही. आपल्या कामाची आहे, म्हणून ती सांगते.

डोरोथी 1925 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेतून पहिली आली. वय पंधराच्या आत-बाहेर, घरची स्थिती बेताची. तिला ओहायोमधल्या विल्बरफोर्स विद्यापीठासाठी पूर्ण फीची शिष्यवृत्ती मिळाली. ती दिली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या त्या राज्यातल्या रविवार शाळांच्या परिषदेने. त्यामागे ना कुठला कारखानदार होता, ना सरकार. रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या शाळांची ती संघटना होती आणि तिच्यातली माणसे स्वतःच वर्णभेदाच्या जात्यात भरडली जात होती. त्यांनी एका मुलीला गणित शिकायला पाठवले.

1929 साली ती गणिताची पदवीधर झाली आणि त्याच वर्षी महामंदी आली. पुढची चौदा-एक वर्षे डोरोथीबाई शाळेत शिकवत होत्या. 1943 साली, युद्धामुळे माणसे कमी पडू लागली तेव्हा, त्या लँगलीत लागल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचा गणनविभाग तिथे वेगळा बसवलेला होता. 1949 मध्ये त्या त्याच्या प्रमुख झाल्या. पुढे यंत्रगणक आले, तेव्हा त्या स्वतः फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या आणि हाताखालच्या बायकांनाही त्यांनी ती शिकवली, कारण हाताने गणिते करणाऱ्यांचे दिवस भरत आले आहेत हे त्यांनी ओळखले होते.

1925 सालच्या वर्गणीचे मोल कळायला किती काळ गेला पाहा. ज्यांनी पैसे दिले, त्यांतल्या अनेकांना ते कळलेही नसेल. दोन वर्षांनी त्यांनी हिशेब मागितला असता, तर उत्तर आले असते, ‘मुलगी शिकतेय.’ दहा वर्षांनी मागितला असता, तर उत्तर आले असते, ‘मुलगी मास्तरीण आहे.’ शिष्यवृत्तीचा निधी उभारणाऱ्यांना एवढा धीर हवा.

आपल्याकडेही ही रीत जुनी आहे. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या आणि तिकिटांचा पैसा फंडात गेला. त्यानंतर आपल्या नाटकवाल्यांनी शाळांसाठी, वाचनालयांसाठी, दुष्काळासाठी किती सहाय्यार्थ प्रयोग केले असतील, कोण मोजणार! रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मुठीमुठीने धान्य निघे. त्याला मुष्टिफंड म्हणत. त्याच्याही आधी, 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशी उभ्या राहिल्या आणि आपण वैद्यक शिकायला अमेरिकेला का जाणार, हे त्यांनी अठराव्या वर्षी जाहीरपणे सांगितले. त्या भाषणानंतर त्यांच्यासाठी देशभरातून मदत आली. व्हाइसरॉयांनीही 200 रुपये पाठवले, असे चरित्रकार सांगतात. तरी अंगावरचे दागिने विकावे लागलेच.

एक धनिक लाख रुपये देतो आणि तीनशे घरे मिळून लाख रुपये देतात. बँकेच्या पासबुकात दोन्ही आकडे सारखेच दिसतात. पण धनिकाचा पैसा घेतलेल्या मुलीविषयी गल्ली काहीही बोलू शकते. तीनशे घरांनी पाठवलेल्या मुलीविषयी बोलताना गल्लीला आपलीच पावती आठवते. आपल्या समाजात मुलीने घराबाहेर राहून शिकायला पैसा लागतो, तितकीच संमती लागते. वर्गणीतून दोन्ही येतात. म्हणून कार्यकर्त्यांना माझी पहिली सूचना अशी : सगळ्या प्रवेशिका एखाद्या प्रायोजकाच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका. स्मरणिकेत जाहिराती जरूर घ्या, पण प्रवेशिका दारोदार जाऊन विका.

कोणत्या वेळी

दुसरा प्रश्न वेळेचा. त्यासाठी दोन आकडे समोर ठेवते. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशात विज्ञान शाखेत सुमारे 57.2 लाख विद्यार्थी होते आणि त्यांतल्या 29.8 लाख मुली होत्या. म्हणजे मुली निम्म्याहून जास्त. मुली विज्ञान घेत नाहीत, ही समजूत आता टाकून द्यावी. दुसरा आकडा 2018 सालचा, संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असणाऱ्या स्त्रियांचा. तो 16.6 टक्के होता. वर्गात निम्म्याहून जास्त आणि प्रयोगशाळेत सहांत एक. मग बाकीच्या गेल्या कुठे?

त्या बुद्धीला कमी पडून गेलेल्या नाहीत. एखादी बी.एस्सी. झाल्यावर घरी थांबली, कारण एम.एस्सी.चे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होते. एखादीची प्रवेश परीक्षा चांगली गेली, पण वसतिगृहाची अनामत रक्कम आठ दिवसांत भरायची होती आणि त्याच महिन्यात भावाचीही फी होती. कोणी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी बाळंत झाली आणि परत आली तेव्हा पाठ्यवृत्तीची मुदत संपलेली. ही गळती परीक्षेत होत नाही, दोन परीक्षांच्या मधल्या मोकळ्या जागेत होते.

सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामात खंड पडलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2002-03 मध्ये खास योजना सुरू केली. महाराष्ट्र सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक आणि सामाजिक दृष्ट्या मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. पण फी माफ झाली म्हणून खानावळ माफ होत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये किंवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुलाखतीला बोलावणे आले, तर जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आधी खिशातून करावा लागतो. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती मिळाली, तरी बंगळुरूला पहिल्या महिन्याचे भाडे भरणारे कोणी तरी लागते. सरकारी मदत येते, पण गाडी सुटून गेल्यावर.

गावच्या निधीची जागा नेमकी इथे आहे. मोठ्या शिष्यवृत्त्यांशी स्पर्धा करू नका. त्यांच्या आधीचे आणि मधले खर्च उचला : परीक्षेचा अर्ज, प्रवास, अनामत, बिघडलेला लॅपटॉप, एका सत्राची खानावळ. रक्कम पाच हजारांची असेल, पण ती आठ दिवसांत मिळाली पाहिजे. समितीची बैठक दर तिमाहीला भरणार असेल, तर हा निधी कागदावरच राहील.

पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एका पोलिश मुलीचे उदाहरण देते. 1893 साली ती सॉर्बोनमधून भौतिकशास्त्रात पहिली आली. गणिताची पदवीही घ्यायची होती, पण शिल्लक संपली होती. परदेशी शिकणाऱ्या हुशार पोलिश विद्यार्थ्यांसाठी अलेक्सांद्रोविच नावाची शिष्यवृत्ती होती. तिचे 600 रूबल तिला त्या वेळी मिळाले. मुलीचे नाव मारिया स्क्लोदोव्स्का. पुढे जग तिला मेरी क्युरी म्हणून ओळखू लागले. तिला पहिले नोबेल मिळाले 1903 साली. तोवर तिची हुशारी सगळ्या जगाला दिसली होती. 1893 मध्ये कोणाला तरी ती वेळेवर दिसली, हे महत्त्वाचे.

कोणत्या अटीवर

क्युरीबाईंची गोष्ट तिथेच संपत नाही. काही वर्षांनी पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवरच्या कामाचे पैसे हाती आले, तेव्हा त्यांनी त्यातून बचत करून ते 600 रूबल शिष्यवृत्तीच्या समितीला परत केले. परतफेडीची अट नव्हती. असे पूर्वी कोणी केलेही नव्हते, त्यामुळे समितीच्या चिटणिसांना आश्चर्य वाटले. बाईंचे म्हणणे साधे होते : आता हे दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. ज्या निधीने बंधपत्र लिहून घेतले नव्हते, त्याला पै न पै परत मिळाली.

आता अटी कशा असतात, हे कळण्यासाठी आपल्याच एका मराठी मुलीच्या वाट्याला काय आले ते पाहा. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष त्यांचे काम पारखले जाणार, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी थांबून काम करायचे आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट कोणत्या मुलाला घातली असती? वर्षभरानंतर रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे मुलींना उघडली. कमलाबाई पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी बटाट्यावरच्या कामातून दाखवले आणि 1939 साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध चाळीसच पानांचा होता. अमेरिकेतल्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेनेही त्यांना प्रवासवृत्ती दिली होती. दूरदेशीच्या अनोळखी बायकांनी जमवलेला पैसा एका मराठी मुलीच्या प्रवासाला लागला, हे इथे जमलेल्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

तेव्हा आपला अर्जाचा नमुना छापण्यापूर्वी त्यातल्या अटी नीट वाचा. वयाची मर्यादा ठेवू नका, कारण चौतिसाव्या वर्षी परत अभ्यासाला बसणारी बाई सर्वांत जास्त अडलेली असते. विवाहित की अविवाहित, हा रकाना काढून टाका. गुण बघा, पण पहिल्या तिघींनाच द्यायचे असे ठरवू नका. पहिलीला देणारे पुष्कळ असतात, सत्तर टक्केवाल्या जिद्दी मुलीला कोणी नसते. आणि एक हात जोडून सांगते. शिष्यवृत्तीच्या समारंभात मुलीला पुठ्ठ्याचा भला मोठा धनादेश हातात देऊन उभी करू नका. ‘वडील रिक्षा चालवतात, आई धुणीभांडी करते’ असे ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवू नका. पैसे तिच्या खात्यात जाऊ द्यात. तिला व्यासपीठावर बोलवायचे असेल, तर ती काय शिकते आहे ते सांगायला बोलवा.

चित्रपटच का

कोणी विचारेल, एवढे सगळे करायचे तर सरळ वर्गणीच मागा. चित्रपट कशाला?

उत्तर असे की, मुलीने काय शिकायचे याचा निर्णय मुलगी एकटी घेत नाही. तिने कमलाबाईंचे चरित्र वाचले तर ती पेटून उठेल, पण वसतिगृहात पाठवायचे की नाही हे वडील ठरवतात, काका ठरवतात, आजी ठरवते. ही मंडळी चरित्रे वाचत नाहीत. चित्रपट मात्र बघतात, आणि एकत्र बघतात. म्हणून शाळेतल्या मुलींना रांगेने आणून थिएटर भरवण्याचा सोपा मार्ग टाळा. प्रवेशिका घराघराला विका आणि आग्रह धरा की वडिलांनी यायचे. शेजारी लेक बसलेली असताना मेरी जॅक्सन न्यायाधीशासमोर उभी राहून गोऱ्यांच्या शाळेत रात्रीचे वर्ग करण्याची परवानगी मागते, ते बापाने बघितले पाहिजे. प्रत्यक्षातही मेरीबाईंना हॅम्प्टन शहराकडून तशी परवानगी काढावी लागली होती. त्यानंतर 1958 साली त्या नासातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या. आज वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला त्यांचे नाव आहे.

मात्र चित्रपट संपल्यावर दिवे लावून लगेच घरी जाऊ नका. चित्रपट गोष्ट सांगताना वाकवतो. ‘कृष्णवर्णीयांसाठी’ अशी पाटी फोडणारा तो भला साहेब अनेक माणसे मिळून रचलेले पात्र आहे आणि तो प्रसंगही रचलेला आहे. कॅथरीनबाई अर्धा मैल पळत दुसऱ्या इमारतीतल्या स्वच्छतागृहात जातात, तेही त्यांच्या बाबतीत घडले नव्हते. त्यांनी जवळचेच स्वच्छतागृह वापरले आणि तक्रारींकडे लक्ष दिले नाही. 1962 साली अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी उड्डाणापूर्वी यंत्राची गणिते कॅथरीनबाईंकडून तपासून घ्यायला सांगितले, हे खरे. पण ते काम ऐन वेळी पळापळ करत झाले नाही. त्याला दीड दिवस लागला. हे सगळे प्रेक्षकांना सांगायला वीस मिनिटे ठेवा. सांगण्याचे कारण एवढेच की, एखादा उदार साहेब येऊन पाटी फोडेल, या आशेवर आपल्या मुलींनी बसू नये.

महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी वेगळा खेळ ठेवायचा असेल, तर 2020 सालचा ‘पिक्चर अ सायंटिस्ट’ हा माहितीपट बघा. त्यात एमआयटीच्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स आहेत. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला प्रयोगशाळेत जागा कमी मिळते, हे त्यांनी मोजपट्टी घेऊन सिद्ध केले. 1999 साली त्यांच्या संस्थेने हा भेदभाव लेखी मान्य केला. आणि इंग्रजी नको असेल, तर समीर विद्वांस यांचा 2019 सालचा ‘आनंदी गोपाळ’ आहेच. तो दाखवलात तर एक गोष्ट सांगायला विसरू नका. आनंदीबाईंना प्रवासाला आणि शिक्षणाला पैसा मिळाला, 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली, पण परदेशात प्रकृती ढासळली आणि बावीस वर्षे पुरी होण्याआधी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या पुण्यात वारल्या. मुलीला दूर पाठवणाऱ्या निधीने तिच्या जेवणाची आणि औषधाचीही चौकशी ठेवली पाहिजे.

हिशेब

आता थोडे व्यवहाराचे. घरी डीव्हीडी आहे किंवा फोनवर वर्गणी भरलेली आहे, म्हणून चित्रपट सभागृहात दाखवता येत नाही. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांचा खेळ शैक्षणिक कामासाठी एकदा लावू देते, पण त्याला तिकीट लावता येत नाही आणि निधीही गोळा करता येत नाही. आपल्याला तर नेमका निधीच गोळा करायचा आहे. तेव्हा सोपा मार्ग म्हणजे थिएटरच्या व्यवस्थापकाशी बोलून सबंध खेळ घ्यायचा आणि परवानगीचे काम वितरकाकरवी करायचे. प्रत्येक प्रवेशिकेला पावती द्या आणि हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून फलकावर लावा.

समजा, तीनशे खुर्च्या आहेत आणि प्रवेशिका तीनशे रुपयांची आहे. सगळ्या गेल्या तर 90,000 रुपये येतील. थिएटर, परवानगी, कर आणि छपाई वजा जाता 55,000 उरले असे धरू. आपली नेहमीची सवय म्हणजे ते मुदत ठेवीत टाकायचे. सात टक्क्यांनी वर्षाला 3,850 रुपये व्याज येईल. त्यात एका मुलीची दोन महिन्यांची खानावळही भागणार नाही. तीच रक्कम त्याच वर्षी वाटली, तर पाच मुलींना प्रत्येकी 11,000 रुपये मिळतील. ठेव वाढवत बसणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे पासबुक सुंदर असते. माझे मत असे की, आलेला पैसा वर्षभरात खर्चून टाकावा आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा दारोदार जावे. मागायला जाण्याचा त्रास हाच या उपक्रमाचा प्राण आहे. ज्या वर्षी गाव प्रवेशिका घेणार नाही, त्या वर्षी आपण गावाचा विश्वास गमावला आहे, हे तरी कळेल.

झोंटा ही स्त्रियांची जागतिक संघटना 1938 पासून वैमानिक अमेलिया एअरहार्ट यांच्या नावाने विमान आणि अवकाशविद्येतल्या संशोधक स्त्रियांना पाठ्यवृत्ती देत आली आहे. तिच्यामागे शहरोशहरीच्या शाखांनी छोट्या-मोठ्या कार्यक्रमांतून जमवलेला पैसा आहे. म्हणजे हे चालवता येते आणि वर्षानुवर्षे चालवता येते. त्यासाठी मोठा माणूस लागत नाही, चिकाटीची समिती लागते.

श्रोतेहो, सभागृहाबाहेर कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन बसले आहेत. प्रत्येकाने दोन प्रवेशिका घ्याव्यात : एक स्वतःसाठी, दुसरी अशा घरासाठी जिथली मुलगी विज्ञान शिकते आहे आणि पुढे शिकेल की नाही याची खात्री नाही. ते घर तुम्हाला माहीत आहे. अर्जाच्या नमुन्यातून जाचक अटी काढण्याचे काम समितीने या महिन्यातच करावे आणि पहिली रक्कम जूनच्या प्रवेशांआधी मुलींच्या खात्यात पडावी, एवढी माझी मागणी आहे. ती मान्य झाली, तर बाईंच्या नावाने आजवर झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हा एक खेळ मोठा ठरेल.